झिजण्यासाठी बांधलेली जहाजं

डेन्मार्कमधल्या रोस्किल्डच्या लोकांनी जहाजांचं संग्रहालय वाढवायचं म्हणून धक्क्याशेजारी खोदायला घेतलं, तर तिथेच आणखी नऊ जुनी जहाजं निघाली. ही १९९६-९७ सालची गोष्ट. त्यातली काही वायकिंग काळातली, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीच्या उत्तर युरोपातल्या दर्यावर्दींची, काही त्यानंतरची. एक तर जवळपास ३६ मीटर लांब, म्हणजे आजवर सापडलेल्या वायकिंग जहाजांत सगळ्यांत लांबलचक. वाढीव जागेच्या पायाखालीच वाढीव माल! अशा नशिबाच्या संग्रहालयाकडे मी खरं तर मत्सरानेच बघायला हवं होतं. पण जाताना मनात भरपूर शंका होती, आणि त्या शंकेला कारणही होतं.

जुन्या धाटणीचं जहाज बंदरात बांधून ठेवायचं आणि पर्यटकांना त्यावर चढवायचं, हा धंदा युरोपात जागोजागी चालतो. शिडं दाखवायला असतात, पोटात डिझेलचं इंजिन घरघरत असतं आणि वर कुणीतरी चाच्याचा वेश करून आइस्क्रीमचं कूपन वाटत असतो. डब्लिनमध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या, रस्त्यावर आणि पाण्यात दोन्हीकडे चालणाऱ्या गाड्यांतून लोक प्लॅस्टिकची शिंगवाली शिरस्त्राणं घालून वर्षानुवर्षं हिंडले आणि फुटपाथवरच्या माणसांवर डरकाळ्या फोडत आले. वायकिंगांच्या शिरस्त्राणांना शिंगं नव्हती. ती एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन ऑपेराच्या वेशभूषाकाराने चढवली आणि पुन्हा कधी उतरलीच नाहीत. तेव्हा भाच्याने, ‘मावशी, तुला राजवाडे बघायचेत की होड्या?’ असं विचारलं तेव्हा मी राजवाडे म्हणणार होते. तो कोपनहेगनला नोकरीला आहे, चार वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्या नातेवाइकांना राजवाडे दाखवून कंटाळला होता. त्याच्या चेहऱ्याकडे बघून मी होड्या म्हटलं.

कोपनहेगनहून रोस्किल्ड रेल्वेने अर्ध्या तासावर. गावाच्या माथ्यावर लाल विटांचं कॅथीड्रल, त्यात डेन्मार्कचे राजे-राण्या पिढ्यान्‌पिढ्या पुरलेले. तिथून हिरवळीच्या उताराने खाली चालत आलं की फ्योर्ड, म्हणजे जमिनीत आत शिरलेला समुद्राचा फाटा, लागतो. फ्योर्ड म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे नॉर्वेचे उभे कडे येतात. हा तसा नाही. उथळ, संथ, काठाने शेतं. आपल्याकडच्या एखाद्या रुंद खाडीवर आल्यासारखं वाटतं, फक्त माड नाहीत आणि वारा हाडात शिरतो.

या उथळपणामुळेच सगळं घडलं. रोस्किल्ड तेव्हा राजाचं आणि बिशपचं गाव, आणि समुद्राकडून शत्रू यायची वाट ही फ्योर्डचीच. साधारण १०७० च्या सुमाराला लोकांनी गावाच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर, स्कुल्डेलेव्ह नावाच्या खेड्याजवळच्या अरुंद प्रवाहात जुनी जहाजं दगडांनी भरली आणि बुडवली. वाट बंद. पुढे कित्येक पिढ्या तिथले कोळी म्हणत आले की इथे मार्गारेट राणीचं जहाज बुडालंय. राणी चौदाव्या शतकातली. म्हणजे दंतकथेनेही जहाजाचं वय तीनशे वर्षांनी कमीच सांगितलं. १९६२ साली पुरातत्त्ववाल्यांनी त्या जागेभोवती लोखंडी पत्र्यांचा बांध घातला, आतलं पाणी उपसलं आणि फ्योर्डच्या तळावर उतरून खोदलं. लाकूड वाळलं तर तडकणार, म्हणून त्याच्यावर सतत पाण्याचे फवारे चालू. हजारो तुकडे निघाले. मोजणी केली तेव्हा जहाजं सहा भरली. पुढे लक्षात आलं की दोन नंबर आणि चार नंबर ही एकाच लांब जहाजाची दोन टोकं आहेत. म्हणून आजही तिथे जहाजं पाच, पण त्यांचे क्रमांक एक, दोन, तीन, पाच, सहा. कुणी ते नंतर सरळ करून घेतले नाहीत, हे मला फार आवडलं.

ती पाच जहाजं १९६९ मध्ये उघडलेल्या काँक्रीटच्या दालनात ठेवली आहेत. म्हणजे काय तर काळ्या लोखंडी पट्ट्यांचा जहाजाच्या आकाराचा सांगाडा, आणि त्यावर जिथे जिथे लाकूड उरलंय तिथे तिथे ते बसवलेलं. तीन नंबरचं पाऊण जहाज उरलं आहे, दोन नंबरचं जेमतेम पाव. लाकडातलं पाणी काढून त्याच्या जागी पॉलिएथिलीन ग्लायकॉल नावाचं मेणासारखं रसायन मुरवलंय, त्यामुळे ते काळपट, कोरडं दिसतं. हात लावायचा नाही. दालनाची फ्योर्डकडची अख्खी बाजू काचेची आहे. म्हणजे तुम्ही त्या पाव जहाजासमोर उभे असता आणि त्याच्या फासळ्यांमधून पलीकडे, काचेबाहेर, पाण्यावर तशीच जहाजं डोलताना दिसतात. पूर्ण, डांबर फासलेली, दोर ताणलेली.

माझी शंका तिथे थोडी सैल झाली. पण तिकीट काढून बाहेर जाईपर्यंत पूर्ण गेली नव्हती.

फेरी पन्नासेक मिनिटांची असते. लाइफ जॅकेट चढवून आम्ही बाकांवर बसलो तेव्हा मला वाटलं होतं की आता कुणीतरी माइकवरून इतिहास सांगेल. एक तिशीतली मुलगी नावेच्या मागच्या टोकाला उभी राहिली, सुकाणू हातात घेतलं आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, की इंजिन नाही, तुम्हीच आहात. वल्हं माझ्या अंदाजापेक्षा जड होतं. ते कडेवर एका लाकडी खुंटीला टेकतं आणि दोरीच्या फाशात अडकवलेलं असतं. ओढताना खुंटीवर जोर, परत नेताना दोरीवर. दोरी करकरते, लाकूड तिथे घासून गुळगुळीत झालेलं असतं. पहिल्या पाच मिनिटांत माझं वल्हं पुढच्या जर्मन काकूंच्या वल्ह्यावर निदान सातदा आपटलं. त्या वळून हसल्या, मी वळून भाच्याकडे बघितलं, कारण त्याचं माझ्यावर आपटत होतं. सुकाणूवरची मुलगी आकडे मोजत होती, आणि सगळ्यांचा ताल जुळायला लागला तेव्हा ती मोजायची थांबली. हे शिक्षकी कसब आहे. मी ते ओळखते.

मग शीड चढवलं. आडव्या वाशाला बांधलेलं चौकोनी शीड, आणि तो वासा दोराने वर ओढायचा. सहा जण एका दोराला. डोलकाठीवरून दोर उतरताना हातात डांबराचा वास सोडत होता. पाइनच्या लाकडाचं डांबर, थोडं धुरकट, थोडं औषधी. वारा भरला, वल्ही आत घेतली आणि मग एक आवाज ऐकू आला. या होड्यांच्या फळ्या एकमेकींवर चढवलेल्या असतात, कौलांसारख्या, आणि प्रत्येक फळीच्या कडेवर पाणी वेगळं खळखळतं. इंजिनवाल्या होडीत हा आवाज कधीच ऐकू येत नाही. ‘मावशी, हात बघ,’ भाचा म्हणाला. दोन्ही तळहात काळे. संध्याकाळी साबणाने गेले नाहीत, शेवटी खोबरेल तेलाने गेले.

धक्क्यावर परत आल्यावर जहाजबांधणीचं अंगण बघितलं, आणि तिथे मात्र दोन तास गेले. उघड्यावर काम चालतं, बघ्यांसमोर. ओकचं खोड करवतीने कापत नाहीत. पाचरी ठोकून उभं फोडतात, मधोमध, मग पुन्हा मधोमध, पोळीचे चतकोर करावेत तसं. त्यामुळे लाकडाचा धागा तुटत नाही आणि पातळ फळीही वाकवली तर मोडत नाही. मग कुऱ्हाडीने तासणं. उत्खननातल्या मूळ फळ्यांवर कुऱ्हाडीच्या खुणा आहेत, त्यावरून अवजाराचं पातं केवढं होतं, सुताराने ते कुठल्या कोनात धरलं होतं, हे काढलंय आणि तसली अवजारं घडवून घेतली आहेत. बघता बघता कळतं की इथे जहाज ही दुय्यम गोष्ट आहे. आधी हात तयार होतात. तीन नंबरच्या जहाजाची पहिली प्रतिकृती, ‘रोआर एगे’, १९८२ ते ८४ मध्ये याच पद्धतीने बांधली. तीस वर्षं ती फ्योर्डवर फिरली, दमली, २०१६ मध्ये पाण्याबाहेर काढली. मग त्याच पाऊण जहाजावरून पुन्हा नवीन बांधायला घेतली, आणि ‘एस्ट्रिड बायरडिंग’ २०२२ मध्ये पाण्यात उतरली. जुनीची डागडुजी करत बसले असते तर एक जहाज राहिलं असतं आणि बांधणारे हात गेले असते. २०२१ मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत उत्तरेकडच्या देशांची ही फळीवर-फळी नावबांधणी घेतली, त्यातही मान जहाजांना नाही, त्या कारागिरीला आहे.

मला म्हणायचंय ते एवढंच. मूळ जहाज पाण्याला घाबरून काचेआड बसलेलं असतं. प्रतिकृतीला ती चैन नाही. तिने भिजायचं, झिजायचं, गळायचं, आणि गळताना काय कळलं ते सांगायचं. पर्यटकांच्या तिकिटाने दोरखंड आणि डांबर येतं, तर येऊ दे की. ज्या प्रतिकृतीवर वल्हं मारायला मिळत नाही ती मला संशयास्पद वाटते.

उदाहरणार्थ इंग्लंडातलं ‘ह्युगिन’. १९४९ साली त्रेपन्न डॅनिश माणसं हे जहाज घेऊन केंटच्या किनाऱ्यावर उतरली. निमित्त काय, तर हेंगिस्ट आणि होर्सा हे दंतकथेतले अँग्लो-सॅक्सन सरदार इंग्लंडात आले त्याला पंधराशे वर्षं झाली. आता हे दोघे, असलेच तर, पाचव्या शतकातले. वायकिंगांच्या तीनशेहून अधिक वर्षं आधीचे. आणि जहाज कुठल्या नमुन्यावर? १८८० मध्ये नॉर्वेत सापडलेल्या, सुमारे नवव्या शतकाच्या अखेरच्या गोकस्टाड जहाजाच्या. म्हणजे शालिवाहनाच्या स्वागताला यादवांचा रथ. एवढं करून ती माणसं ते जहाज समुद्रातून घेऊन आली हे कौतुकाचंच. पण नंतर ते रॅम्सगेटजवळ पेगवेल बेच्या कड्यावर कोरड्या जमिनीवर ठेवलं, ते तिथेच आहे. गाड्या थांबतात, लोक फोटो काढतात, निघतात. समुद्र समोर दिसतो आणि जहाजाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

याच गोकस्टाड जहाजाच्या आणखी जुन्या प्रतिकृतीची गोष्ट मात्र वेगळी आहे. १८९३ साली शिकागोत कोलंबसाच्या चारशे वर्षांचं जागतिक प्रदर्शन भरलं. (तेच, ज्याच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले.) स्पेनने कोलंबसाच्या जहाजांच्या प्रतिकृती पाठवल्या. नॉर्वेकरांना राहवलं नाही. कोलंबसाच्या आधी पाचशे वर्षं आमचे लोक तिकडे गेले होते, हे भाषणाने सांगण्याऐवजी त्यांनी ‘वायकिंग’ नावाचं जहाज बांधलं आणि कप्तान मॅग्नस अँडरसनने ते बर्गनहून अटलांटिकपार नेलं. अठ्ठावीस दिवसांत न्यूफाउंडलंड. उघडं जहाज, डोक्यावर छप्पर नाही. अँडरसनने जी नोंद केली ती आजही जहाजबांधणीवाले सांगतात: मोठ्या लाटेत जहाजाची वरची कड सहा-सहा इंच पिळली जायची आणि तरीही पाणी आत येत नव्हतं. जमिनीतून काढलेलं मूळ जहाज शंभर वर्षं न्याहाळलं असतं तरी हे कळलं नसतं. खाटेसारखं ताठ बांधलेलं जहाज लाटेशी भांडतं. हे लाटेबरोबर वळतं.

काही वेळा जहाज बुडतं, आणि तेव्हा सगळ्यांत जास्त कळतं. नॉर्वेतलं ओसेबर्ग जहाज १९०४ मध्ये एका थडग्यातून निघालं. कोरीव नाळ, डौलदार वळण. वायकिंग जहाज म्हटलं की पोस्टरवर हेच. १९८७ मध्ये त्याची प्रतिकृती केली. पुढच्या वर्षी चाचणीला शीड भरलं, वेग आला, नाळेवरून पाणी आत आलं आणि काही क्षणांत जहाज तळाला. मग वाद पेटला. कुणी म्हणालं, ते राणीच्या मिरवणुकीपुरतंच होतं, समुद्राचं नव्हतंच. वीसेक वर्षांनी मूळ जहाजाचा तुकडान्‌तुकडा लेझरने मोजला, तेव्हा सापडलं की १९०४ नंतर जोडताना नाळेकडच्या काही फळ्या चुकीच्या बसवल्या गेल्या होत्या. प्रतिकृतीने इमानदारीने ती चूकही उतरवली होती. दुरुस्त आकारावरून बांधलेलं ‘सागा ओसेबर्ग’ २०१२ मध्ये टोन्सबर्गला पाण्यात उतरलं आणि छान चालतं. शंभर वर्षं लाखो लोक संग्रहालयात जे जहाज बघून गेले त्यातली चूक दाखवायला एक बुडालेलं जहाज लागलं.

रोस्किल्डचं सगळ्यांत मोठं धाडसही असंच, थोडं फजितीसकट. दोन नंबरचं ते पाव उरलेलं जहाज. त्याच्या ओकच्या लाकडातली वर्षवलयं मोजली तेव्हा निघालं की झाडं आयर्लंडची आहेत आणि जहाज १०४२ च्या सुमाराला डब्लिनजवळ बांधलंय. तीस मीटर लांब, साठ वल्ही, एकशे बारा चौरस मीटरचं शीड. त्याची प्रतिकृती ‘हावहिंगस्टेन’, म्हणजे आयर्लंडमधल्या ग्लेनडालोकचा सागरी घोडा, २००४ मध्ये पाण्यात उतरली, आणि २००७ च्या उन्हाळ्यात साठ-पासष्ट जणांनी ती रोस्किल्डहून डब्लिनला नेली, जिथून मूळ जहाज आलं होतं तिथे. माणशी एक चौरस मीटरसुद्धा जागा नव्हती. तिथेच वल्हवायचं, खायचं, भिजलेल्या कपड्यांत झोपायचं. उत्तर समुद्रात वारा पडला तेव्हा काही अंतर दुसऱ्या बोटीने ओढून न्यावं लागलं. ते त्यांनी लपवलं नाही. सुकाणूचा पट्टा तुटला, तेही सांगितलं. ऑगस्टच्या मध्याला डब्लिनच्या नदीत शिरले तेव्हा काठावर हजारो लोक होते. वर्षभराने परतही आले. भाचा म्हणाला, ‘ओढून नेलं म्हणजे फसवणूक नाही का गं?’ मला नाही वाटत. एक हजार वर्षांपूर्वी वारा पडला असता तर ते एखाद्या बंदरात आठवडाभर थांबले असते. यांना परतीची रजा ठरलेली होती.

आता गंमत बघा. समुद्रातून वाचवलेल्या त्या मूळ पाच जहाजांना सध्या भीती कुणाची, तर समुद्राचीच. डिसेंबर २०१३ मध्ये ‘बोडिल’ वादळात फ्योर्डचं पाणी चढून त्या देखण्या काचेच्या भिंतीला येऊन भिडलं. काँक्रीटही खारट वाऱ्याने खराब होत चाललं आहे. ती इमारत संरक्षित वास्तूंच्या यादीत होती. २०१८ मध्ये डेन्मार्कच्या सांस्कृतिक मंत्र्यांनी तिला यादीतून काढलं, कारण जहाजं वाचवायची तर इमारत हट्टाने राखता येणार नव्हती. वास्तुरचनावाले चिडले. मी त्या काचेसमोर उभी राहिलेली आहे, मलाही वाईट वाटलं. पण निर्णय बरोबर होता.

हे सगळं पुन्हा डोक्यात येण्याचं कारण आपल्याकडचं आहे. अजिंठ्याच्या भिंतीवर पाचव्या शतकातलं एक जहाज रंगवलेलं आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी लेणी बघताना पद्मपाणीपाशी मान मोडली असेल आणि ते जहाज चुकवलं असेल. त्या चित्रावरून नौदल, केंद्राचं संस्कृती मंत्रालय आणि गोव्यातली ‘होडी इनोव्हेशन्स’ ही कंपनी यांनी मिळून एक जहाज बांधलं, ‘कौंडिण्य’. केरळच्या कारागिरांनी फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या. सांध्याला खिळा नाही. रोस्किल्डवाल्यांकडे निदान पाव जहाज होतं. इथे लाकडाची ढलपीसुद्धा नाही, नुसतं चित्र, आणि चित्रकाराला सुतारकाम येत होतं की नाही तेही ठाऊक नाही. तरी ते चाललं. मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं, आणि डिसेंबरअखेर पोरबंदरहून निघून जानेवारीत मस्कतला पोचलं.

पुढे त्याचं काय करायचं, यावर माझं मत कुणी विचारलेलं नाही, पण आपली पद्धत मला माहीत आहे. एखाद्या चौपाटीवर काँक्रीटचा चौथरा, भोवती स्टीलचं रेलिंग, रात्री निळे-जांभळे दिवे, ‘आय लव्ह’ अमुक-तमुकची अक्षरं आणि काथ्या सुकून सुटत चाललेला. शिवलेल्या जहाजाला सुकणं मानवत नाही. काथ्या बदलावा लागतो, आणि तो बदलणारी माणसं थोडीच उरली आहेत. त्यांच्या हाताखाली मुलं बसवायची तर दर काही वर्षांनी नवीन लहान जहाज शिवायला घ्यायला हवं. मालवण, विजयदुर्ग, दाभोळ, कुठेही, लोकांसमोर उघड्यावर. आणि त्यावर तिकीट लावून आम्हाला वल्ही द्यावीत, एखाद्या तांडेलाने मागे उभं राहून आमच्यावर खेकसावं.

मस्कतची बातमी आली त्या रात्री मी हे सगळं भाच्याला लांबलचक लिहून पाठवलं. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: ‘मावशी, कल्पना बेस्ट आहे. फक्त लाइफ जॅकेट घाला म्हटल्यावर आपल्या लोकांशी कोण भांडणार, ते आधी ठरव.’ मी म्हटलं, ते मी बघते. तीस वर्षं आठवीचे वर्ग सांभाळलेत.